नकाशावर "चालू" दिसणारं दुकान खरंच चालू आहे का, कसं तपासायचं?

मनू_डोंबिवली

मंडळी, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर आठवड्याला तेच प्रश्न येतात, मिक्सरची मोटर कोण भरून देतं, पितळेच्या पातेल्यांना कल्हई कुठे होते, वेताच्या खुर्च्या विणून मिळतात का, आणि दर वेळी कोणीतरी नकाशाची लिंक चिकटवून मोकळं होतं. शेवटी मी म्हटलं, एकदाच काय ती दुरुस्तीवाल्यांची यादी करून टाकतो. सगळी डोंबिवली नाही, फक्त पूर्वेला फडके रोड, टिळक रोड, रामनगर आणि मानपाडा रोडचा चार रस्त्यापर्यंतचा तुकडा. घरी बसून नकाशावरून भराभर नावं काढली आणि यादी घेऊन चालत निघालो.

तर घड्याळवाल्याच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकतायत. शिलाई मशीनवाल्याची अख्खी बिल्डिंगच गेली, पत्रे लागलेत आणि आत पोकलेन चालू आहे, पण नकाशात तो अजून "उघडे, रात्री ९ वाजता बंद होईल". एका रेडिओ-टीव्हीवाल्याचं शटर खाली होतं, आता तो जेवायला गेलाय की कायमचा गेलाय हे शटरकडे बघून कसं कळणार? आणि उलटंही आहे, गल्लीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं बसणारा चाव्या करणारा काका कुठल्याच नकाशात नाही.

तर प्रश्न असे: १. जाण्याआधी घरबसल्या काय काय बघता येतं? २. जागेवर गेल्यावर शटर खाली असेल तर काय समजायचं? ३. चुकीचं दिसलं तर नकाशा आपण दुरुस्त करायचा का, आणि कुठला?

टिकोजी

४. यादी झाल्यावर ग्रुपवर परत तोच प्रश्न विचारणाऱ्यांचं काय करायचं? हलके घ्या.

लोकलगाईड_लेव्हल_८

मनू, पहिल्यांदा रिव्ह्यूंची तारीख बघ, तारे नको बघूस. गूगल मॅप्स आपणहून जे रिव्ह्यू वर दाखवतं ते "सर्वात संबंधित" असतात, म्हणजे चार वर्षांपूर्वीचा लांबलचक निबंध सगळ्यात वर आणि गेल्या महिन्यातलं "दुकान बंद झालं आहे" हे एका ओळीचं पार तळाला. सॉर्ट बदलून "नवीनतम" कर. दुसरं म्हणजे फोटो. फोटो उघडलास की महिना-वर्ष दिसतं, शेवटचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा असेल आणि दुकान भर रस्त्यावरचं असेल तर मला शंका येते. खाण्याच्या ठिकाणांना हे बरोबर लागू पडतं कारण लोक मिसळीचा फोटो काढल्याशिवाय खात नाहीत. मिक्सरवाल्याचा फोटो कोण काढतंय.

तिसरं, गर्दीचा आलेख. त्यात "आत्ता" चं लाल पट्टीत दिसत असेल तर तिथे माणसं आहेत, पण ती त्याच दुकानात आहेत की वरच्या मजल्यावरच्या क्लासला आलीत ते फोनच्या लोकेशनवरून नेहमीच नीट कळेल असं नाही. छोट्या दुकानांना आलेख येतच नाही, त्यामुळे आलेख नाही म्हणून दुकान मेलं असं समजू नकोस.

चौथं, स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे गूगलने रस्त्यावरून काढलेली चित्रं. भारतात ते परत आलं जुलै २०२२ मध्ये, पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. चित्रावर कुठल्या महिन्यात काढलंय ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पाटीवर विश्वास ठेवायचा नाही. पण जिथे रस्ताच्या रस्ता रिडेव्हलपमेंटला गेलाय तिथे दोन वर्षांपूर्वीचं चित्र म्हणजे इतिहासच.

पर्वतीपायथा

आमच्या पुण्यात हा प्रश्नच नाही. दुकान नकाशावर चालू असो, प्रत्यक्षात चालू असो, १ ते ४ बंदच.

टिकोजी

@पर्वतीपायथा, चितळ्यांनी २०१७ मध्ये दुपारची सुट्टी बंद केली. तुमचा विनोद तेव्हापासून कायमचा बंद आहे, कोणीतरी मार्क करा रे.

पर्वतीपायथा

एक दुकान उघडं राहिलं म्हणून पेठा बदलत नाहीत हो. विनोद सोडा, पण यात खरा मुद्दा आहे. नकाशात वेळ भरणारा माणूस सरळ "सकाळी १० ते रात्री ९" भरतो आणि मोकळा होतो. मधली सुट्टी टाकायची सोय आहे, दोन वेगवेगळे स्लॉट भरता येतात, कोणी भरत नाही. मग दुपारी अडीचला गेलेला माणूस चिडून "परमनंटली क्लोज्ड" ठोकून येतो. साप्ताहिक सुट्टीचंही तेच. भोसरी-चाकण एमआयडीसीच्या बाजूला गुरुवारी जाऊन बघा, निम्मं जग बंद दिसेल.

शटरवाला

मनू, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, आमचा धंदाच शटरचा आहे, बसवणं, ग्रीसिंग, स्प्रिंग बदलणं, वडिलांपासून. शटर बोलतं रे, बघायची सवय पाहिजे.

रोज उघडणाऱ्या शटरचं कुलूप चकचकीत असतं, बाजूच्या पट्टीत, म्हणजे गाईडमध्ये, काळं ग्रीस ओलं दिसतं. महिनाभर बंद असेल तर कुलपावर धूळ बसते आणि गाईडच्या तळाशी कचरा साठतो. शटरखालून सरकवलेली लाईटबिलं आणि पोस्टाची पाकिटं दिसतात का वाकून बघ, एखादं असेल तर माणूस गावी गेलाय, गठ्ठा असेल तर काही खरं नाही. क्लासवाल्यांची आणि "घरबसल्या कमवा" ची पत्रकं कुलपावरच चिकटवलेली असतील आणि फाटलेली नसतील, म्हणजे कुलूप कोणी उघडलेलंच नाही. सगळ्यात पक्की खूण मीटरची. दुकानाचा मीटर काढून नेला असेल आणि नुसती वायर लोंबत असेल तर दुकान संपलं. पाटीवर जाऊ नको, पाटी उतरवायलाही पैसे लागतात, मेलेल्या दुकानाची पाटी पाच पाच वर्षं तशीच राहते.

आणि एवढं सगळं करण्याआधी शेजारच्या पानवाल्याला नाहीतर इस्त्रीवाल्याला विचार. त्यांना सगळं ठाऊक असतं, कधी गेले, कुठे गेले, कोणाशी भांडून गेले. पण विचारताना "बंद पडलं का?" असं विचारू नको, लोकांना वाटतं वसुलीवाला आला. "शेठ कधी येतात?" विचार. चालू असेल तर वेळ सांगतात, नसेल तर सगळी कहाणी सांगतात.

मनू_डोंबिवली

शटरवाले दादा, दंडवत. हे कुठल्याच ॲपमध्ये नाही मिळणार.

माडाची_वाडी

वाचतेय. आमच्या कोकणातल्यांचं दुखणं वेगळं आहे, आमच्याकडे "बंद" चे प्रकारच पाच-सहा. मालवणात मेअखेर ते ऑगस्टअखेर पाण्यातले खेळ बंद, किल्ल्याच्या बोटी बंद, मग त्यांच्यावर चालणारी किनाऱ्यावरची खाणावळ पण बंद. गोव्यात तर शॅक मेअखेरीला मोडूनच ठेवायला लागतात, जुलैमध्ये गेलात तर तिथे नुसती वाळू असते, मग पर्यटक येतो आणि लिहितो "ही जागा अस्तित्वातच नाही". अहो आहे, ऑक्टोबरात या! आणि उलट शिमग्याला, गणपतीला आम्ही सगळे गावात असतो पण दुकान बंद असतं, कारण घरात गणपती आहे. तुमच्या मुंबई-डोंबिवलीत गणपतीत बंद दिसलेलं दुकान चाकरमान्याचं असेल तर दहा दिवस थांबा, लगेच निकाल लावू नका.

आम्ही आमच्या होमस्टेला पावसाळ्यात "तात्पुरते बंद" लावत नाही, कारण तो शिक्का एकदा लागला की काढायचा राहून जातो. त्यापेक्षा वेळेतच त्या महिन्यांना बंद भरतो.

लोकलगाईड_लेव्हल_८

@माडाची_वाडी, शंभर टक्के. २०२० च्या टाळेबंदीत "तात्पुरते बंद" झालेल्या काही जागा अजून तशाच पडून आहेत, त्यातल्या कित्येक रोज उघडतात. कोणी परत जाऊन बदललंच नाही.

कर_सल्लागार_नाशिक

कागदावरून तपासायचं असेल तर माझ्या बाजूचं थोडं सांगतो. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाने पाटीवर जीएसटी नंबर लिहिणं नियमाने बंधनकारक आहे, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, एकूण १५ अक्षरं-आकडे. तो नंबर जीएसटी पोर्टलवर "सर्च टॅक्सपेयर" मध्ये टाका, लॉगिन लागत नाही. तिथे नोंदणी ॲक्टिव्ह आहे, सस्पेंडेड आहे की कॅन्सल झाली ते दिसतं, कॅन्सल असेल तर तारीख पण दिसते. पण ॲक्टिव्ह दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका, धंदा बंद करून पण शून्याची रिटर्न भरत राहणारे आहेत. त्याच पानावर रिटर्न भरल्याचा तक्ता उघडता येतो, शेवटची रिटर्न कधीची ते बघा. सहा-आठ महिने काहीच भरलेलं नसेल तर धंदा अडचणीत आहे किंवा संपलाय.

खाण्याच्या ठिकाणांना एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा परवान्याचा, १४ आकडी नंबर असतो, डिलिव्हरी ॲपवर हॉटेलच्या पानाच्या तळाशी सापडतो, तो पण तपासता येतो.

आता मनूच्या कामाचं बोलायचं तर यातलं फार काही लागू पडणार नाही. मालाच्या धंद्याला ४० लाख आणि सेवेला २० लाख उलाढालीपर्यंत जीएसटी लागत नाही, कल्हईवाला त्यात कुठून येणार. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, म्हणाल तर २०१७ च्या नव्या कायद्यापासून थोडे कामगार असलेल्या छोट्या दुकानांना फक्त सुरू केल्याची सूचना द्यायची असते, दरवर्षी नूतनीकरणाची भानगड नाही. त्यामुळे तो कागद दुकान कधी सुरू झालं ते सांगतो, आज चालू आहे का ते सांगत नाही.

न्यूजर्सीचा_बंड्या

एवढं सगळं करण्यापेक्षा फोन का नाही लावत लोक? डिसेंबरात भारतात यायच्या आधी मी रात्री जागून सगळ्यांना फोन लावतो, चष्मेवाला, शिंपी, दातांचा डॉक्टर. नाही उचलला तर यादीतून बाद. इथे एडिसनच्या ओक ट्री रोडवर पण देशी दुकानं अशीच बदलत असतात, फोन हाच उपाय.

लोकलगाईड_लेव्हल_८

@बंड्या, फोन उचलला म्हणजे दुकान चालू असंही नाही आणि उचलणारा दुकानदारच असेल असंही नाही. नकाशावरचा नंबर कोणीही "बदल सुचवा" मध्ये जाऊन बदलायची सूचना करू शकतो. २०१८ मध्ये एका सरकारी बँकेने महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे तक्रार केली होती की नकाशात त्यांच्या शाखांचे नंबर बदलून भामट्यांनी स्वतःचे टाकलेत, लोक बिचारे शाखेचा म्हणून फोन करायचे आणि कार्डाची माहिती देऊन बसायचे. त्यामुळे बँक, गॅस एजन्सी, कुरियर, वाईन शॉप यांचा नंबर नकाशावरून घेऊच नका. आणि दुकान चालू आहे का एवढं विचारायला फोन केला आणि समोरचा "आधी ५ रुपये पाठवा, लिंक टाकतो" म्हणाला की ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन.

न्यूजर्सीचा_बंड्या

बापरे. मी आईला पण हाच सल्ला देत होतो. आजच सांगतो तिला.

सुलूमावशी

मला या धाग्यावर लिहायचं नव्हतं पण राहवत नाही. मी बरीच वर्षं पोळीभाजीचे डबे केले, घरातूनच, आमच्या एका डबेवाल्या मुलाने कौतुकाने नकाशावर घालून दिलं होतं फोटोसकट, तेव्हा मला पण बरं वाटलं, नाव दिसतंय आपलं. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डबे बंद केले. पण नकाशाला कोण सांगणार? लोक येतच राहिले, दुपारी डोळा लागला की बेल, दोन पोळीभाजी द्या, मी म्हणायचे बंद झालं हो, तर एक बाई मला म्हणाली "नकाशावर तर उघडं दाखवतायत", म्हणजे माझ्याच घरात उभी राहून मला सांगतेय की मी उघडी आहे. एकाने तर वाईट रिव्ह्यू लिहिला, बेल वाजवली तरी दार उघडत नाहीत म्हणून! भाच्याने मग काहीतरी करून "कायमचे बंद" केलं. येणं कमी झालं पण घराचा पत्ता आणि दाराचा फोटो अजून तिथेच आहे, ते मला आवडत नाही, एकटी असते मी.

नकाशेबाज

सुलूमावशी, हे होऊ शकतं. "कायमचे बंद" म्हणजे पाटी फिरवली एवढंच, पान तसंच राहतं. तुमच्या भाच्याला सांगा, त्या जागेवर परत "बदल सुचवा" मध्ये जायचं, "बंद करा किंवा काढून टाका" निवडायचं आणि कारणांमध्ये ही खाजगी जागा आहे असं सांगायचं, बंद झालं हे कारण नाही द्यायचं. दाराचा फोटो ज्याने टाकलाय त्यालाच काढायला सांगणं सोपं, नाहीतर फोटोवर तक्रार करायची सोय असते, तिथे पण खाजगीपणाचं कारण द्या.

सुलूमावशी

सांगते त्याला. देव तुझं भलं करो.

कोल्हापुरी_चप्पल

मावशी, "माझ्याच घरात उभी राहून मला सांगतेय" वाचून खुर्चीवरून पडलो. पण विषय गंभीर आहे. घरगुती क्लास, ब्लाऊज शिवणाऱ्या ताई, फराळवाल्या, सगळ्यांनी हे वाचायला पाहिजे. बाडिस, म्हणजे बाय डिफॉल्ट सहमत.

नकाशेबाज

आता मनूच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. मी बरीच वर्षं ओपनस्ट्रीटमॅपवर (ओएसएम, लोकांनीच मिळून भरलेला खुला नकाशा) भर घालतोय, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघड आहे, तेवढं गृहीत धरून वाचा.

मूळ गोंधळ असा आहे की नकाशावरची जागा "चालू" असते कारण ती बंद झाल्याचं कोणी कळवलेलं नसतं. दुकान टाकताना मालकाला उत्साह असतो, बंद करताना कोण नकाशा उघडून बसतं? म्हणून "चालू आहे का" हा प्रश्न नकाशाला विचारून उपयोग नाही, "शेवटचं कोणी आणि कधी पाहिलं" हे विचारायचं. ओएसएममध्ये यासाठी "चेक डेट" नावाची वेगळी नोंद आहे. दुकानासमोर उभं राहून तुम्ही "आहे" म्हटलंत की त्या दिवसाची तारीख लागते, बाकी काही बदललं नसलं तरी. मग नकाशा बघणाऱ्याला कळतं की हे मार्चमध्ये पाहिलेलं आहे आणि ते पाच वर्षांपूर्वीचं.

हे करायला कॉम्प्युटर लागत नाही. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अँड्रॉइड ॲप आहे, चालता चालता जवळच्या जागांबद्दल साधे प्रश्न विचारतं, हे दुकान अजून आहे का, वेळ काय, वगैरे. एखाद्या दुकानाला बराच काळ कोणी हात लावला नसेल तर ते आपणहून परत विचारतं. "नाही" म्हटलं तर पुढे विचारतं, मग आता इथे काय आहे? रिकामा गाळा की दुसरं दुकान? दुसरं ॲप एव्हरी डोअर, ते मला दुकानांच्या रांगेसाठी जास्त आवडतं, आजूबाजूच्या दुकानांची यादी येते आणि बघितलेल्यापुढे नुसती टिक करत जायचं.

दोन गोष्टी मात्र पाळायच्या. गूगलवर बघून ओएसएममध्ये भरायचं नाही, परवान्यात बसत नाही आणि पकडलं की सगळं उलटवतात. आपण स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं दोन्हीकडे भरलं तर चालतं. आणि बंद झालेल्या दुकानाचा बिंदू सरळ पुसायचा नाही, त्याला "डिसयूज्ड" करून ठेवता येतं, म्हणजे गाळा आहे पण धंदा नाही हे राहतं आणि पुढच्या माणसाला कळतं.

पाट्यांचं एक बरं झालंय. २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही मराठी पाटी लागू झाली, मग सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिने दिले, त्यानंतर पाट्या भराभर बदलल्या. मराठी नाव पाटीवरूनच मिळतं, इंग्रजीवरून अंदाजाने लिप्यंतर करावं लागत नाही. ओएसएममध्ये मराठी नावाची वेगळी जागा आहे, ती जरूर भरा.

तिरकस_तात्या

नकाशेबाज, एक शंका. हे सगळं फुकट करायचं कशासाठी? गूगल आपल्याकडून माहिती भरून घेतं, त्यावर जाहिराती विकतं आणि आपल्याला काय, पॉइंट. मी नाही करणार बाबा. मालकाने ठेवावं की अपडेट.

लोकलगाईड_लेव्हल_८

तात्या, पॉइंटांची थट्टा करा पण हिशोब बघा: रिव्ह्यूला १०, फोटोला ५, दुरुस्तीला ५. म्हणजे "छान आहे" लिहिणाऱ्याला दुकान बंद झाल्याचं कळवणाऱ्याच्या दुप्पट. लोक काय करणार सांगा. मी तरी दुरुस्त्याच करतो, कारण आमचे आईबाबा तोच नकाशा वापरतात, तो चुकला की रिक्षाचे पैसे त्यांचे जातात. तत्त्व वगैरे नंतर.

तिरकस_तात्या

तुमच्या आईबाबांसाठी तुम्ही करा, ठीक. मी ओएसएमवाल्यांची बाजू मान्य करतो, तिथे भरलेलं निदान सगळ्यांचं राहतं, उद्या दुसऱ्या कोणाला ॲप काढायचं तर काढू शकतो. पण व्यवहारात माझ्या ओळखीत तो नकाशा उघडणारा एकही माणूस नाही.

नकाशेबाज

उघडतात, माहीत नसतं. ट्रेकवाले ऑफलाईन म्हणून ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड वापरतात ना, ते सगळं ओएसएम. ज्या ॲपच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ओपनस्ट्रीटमॅप लिहिलेलं दिसेल ते पण. पण तुमचं म्हणणं खरं आहे, दुकान शोधायला लोक गूगलच उघडतात. म्हणून मी मनूला सांगेन, दोन्हीकडे कर. बाहेर उभा आहेसच तर मिनिटभर जास्त.

गाळा_नंबर_४

मालकाने अपडेट ठेवावं म्हणणाऱ्या तात्यांसाठी. मी मालक आहे. सायकल दुरुस्ती आणि सुटे भाग, ठाण्याला, नौपाड्यात. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, आम्ही तीन गल्ल्या सोडून भाड्याच्या गाळ्यात बसलो, जुन्या जागेच्या पत्र्यावर हा एवढा मोठा फ्लेक्स लावला स्थलांतराचा. बिल्डरच्या माणसाने दुसऱ्या आठवड्यात त्यावर स्वतःच्या टॉवरचा फ्लेक्स लावला. मग कोणीतरी चांगुलपणाने नकाशावर आम्हाला "कायमचे बंद" करून टाकलं. फोन यायचे थांबले तेव्हा मला कळलं. कोणाचा दोष नाही, त्याने समोर पत्रे पाहिले, त्याचं बरोबरच होतं.

यातून एक शिकलो ते सांगतो, माझ्यासारखे हजारो आहेत म्हणून. हलताना नवीन नोंद करू नका. जुन्याच प्रोफाइलमध्ये जाऊन पत्ता बदला, पिन उचलून नवीन जागी ठेवा, म्हणजे रिव्ह्यू, फोटो, नंबर सगळं तुमच्याबरोबर येतं. नवीन नोंद केलीत तर तुमचीच दोन दुकानं होतात, एक भूत आणि एक बाळ. आणि प्रोफाइल आत्ताच स्वतःच्या नावावर घ्या, गडबड झाल्यावर नको, कारण पडताळणीला पाटीचा, आतल्या सामानाचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगतात आणि त्यात दिवस जातात. पागडीचे गाळे होते तोपर्यंत चाळीस वर्षं कोणी हललं नाही, म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीला पत्ता बदलतो ही कल्पनाच नव्हती. आता अर्धा नौपाडा हलतोय.

शटरवाला

@गाळा_नंबर_४, पत्र्यावरचा फ्लेक्स टिकत नाही. पत्र्याच्या बाहेर जो चहावाला उभा असतो त्याच्याकडे व्हिजिटिंग कार्डाचा गठ्ठा देऊन ठेवायचा. आमची निम्मी गिऱ्हाइकं तशी परत आली.

मनू_डोंबिवली

@गाळा_नंबर_४, म्हणजे माझा शिलाई मशीनवाला पण असाच कुठेतरी हलला असेल! चहावाला आहे तिथे, विचारतो.

(दुसऱ्या दिवशी)

सापडला!! इंदिरा चौकाच्या बाजूला एका झेरॉक्सवाल्याच्या दुकानात अर्धं टेबल घेऊन बसलाय. नकाशावर घालू का विचारलं तर म्हणाला, बिल्डिंग झाली की मी परत जाणार आहे, कशाला. म्हटलं चार वर्षं लागतील हो. तर म्हणाला, बिल्डर दोन म्हणालाय. पिन सरकवायला मात्र हो म्हणाला.

यादी आता अशी केलीय: चालू, हललं, बंद, नक्की नाही. आणि प्रत्येकापुढे पाहिल्याची तारीख आणि कसं कळलं ते, म्हणजे स्वतः बोललो, शेजाऱ्याने सांगितलं की नुसतं शटर पाहिलं. "बंद" लिहायचं असेल तर वेगवेगळ्या वेळी दोनदा शटर खाली दिसायला हवं आणि शेजारच्याने पण सांगायला हवं, हा नियम ठेवलाय. एकदा शटर पाहिलेले सगळे "नक्की नाही" मध्ये. रविवारी सकाळी फडके रोड आणि बाजूच्या गल्ल्या करायच्यात, गणेश मंदिरापाशी ९ ला भेटू, कोण येतंय?

टिकोजी

रविवारी सकाळी ९ ला अर्धी दुकानं उघडलेलीच नसतात, सगळीच "बंद" लिहून याल.

पर्वतीपायथा

पहिल्यांदाच टिकोजींशी सहमत.

मनू_डोंबिवली

बरोबर आहे राव. शनिवारी संध्याकाळी ६ ला करू मग. गर्दी असेल पण दुकानदार तरी भेटतील.

कोल्हापुरी_चप्पल

शनिवारी संध्याकाळी फडके रोडवर वहीत लिहीत उभा राहिलास तर दुकानदारांना वाटेल महापालिकेचा माणूस आला. पुढे आलेलं सामान आत घेतील पटापट.

तिरकस_तात्या

मग तर जरूर जा.

रसिका_पश्चिम

मी पश्चिमेची आहे पण येते. आयफोन आहे, स्ट्रीटकम्प्लीट दिसत नाहीये मला. आणि पश्चिमेला गुप्ते रोड वगैरे कोणी करणार असेल तर सांगा.

नकाशेबाज

रसिका, आयफोनवर एव्हरी डोअर घे, ते दोन्हीकडे चालतं. ओएसएमचं खातं आदल्या दिवशीच उघडून ठेव, रस्त्यात उभं राहून पासवर्ड बनवायला वैताग येतो. खातं नको असेल तर ओएसएमच्या वेबसाईटवर नुसती टीप टाकता येते, "हे दुकान आता नाही, पाहिल्याची तारीख अमुक", मग माझ्यासारखा कोणीतरी ती बघून बदल करतो. टीप लिहिताना मराठीत लिहिली तरी चालते.

शटरवाला

मनू, टिळक रोडला छत्र्या दुरुस्त करणारा एक असतो, तो मे-जूनलाच बसतो, बाकी वर्ष तीच जागा चपलांची. त्याच्यापुढे तारीख लिहून उपयोग नाही, महिने लिही.

मनू_डोंबिवली

लिहिलं. त्याच जागेवर चपलांचं पण वेगळं टाकलं.